पहिला धावणारा

आज 29 ऑगस्ट, मेजर ध्यानचंद यांची जयंती आणि राष्ट्रीय क्रीडा दिन. शाळाशाळांत त्यांच्या तसबिरीला हार घातला जाईल, त्यांच्या गोलांची आठवण निघेल. ती निघालीच पाहिजे. पण हॉकीच्याच मैदानावरचे एक काम असे आहे, ज्याची नोंद गुणफलकावर कधीच होत नाही. आज त्याविषयी बोलले पाहिजे.

पेनल्टी कॉर्नर मिळाला की बचाव करणाऱ्या संघाचे गोलरक्षक धरून पाचच जण गोलरेषेमागे उभे राहतात. बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावे लागते. हाताशी असलेल्या थोड्या सेकंदांत मुखवटा, हातमोजे, गुडघ्यांचे पॅड चढवायचे. चेंडू रेषेवरून ढकलला गेला की पाचांतला एक जण सुसाट निघतो, तो थेट ड्रॅगफ्लिकचा फटका मारणाऱ्याच्या रोखाने. चेंडूचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात असतो आणि हा त्याच्यासमोर स्वतःचे अंग नेऊन घालतो. हा फर्स्ट रशर. प्रत्येक वेळी चेंडू त्यानेच अडवायचा असे नसते. गोलाची एक बाजू त्याने झाकायची, दुसरी गोलरक्षकाने सांभाळायची, असे आधी ठरलेले असते. त्याची धाव हातभर इकडेतिकडे झाली तर मागच्याचा सगळा अंदाज चुकतो. चेंडू अंगावर बसला तर कळ त्याची, आणि फटका बाहेर गेला तर टाळ्या बहुधा गोलरक्षकाला.

ओडिशाच्या सुंदरगडचा अमित रोहिदास भारतासाठी हे काम वर्षानुवर्षे करत आला. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीला 5-4 असे हरवून मिळवलेले कांस्यपदक म्हटले की आपल्याला गोलरक्षक श्रीजेशने अडवलेला अखेरचा पेनल्टी कॉर्नर आठवतो. रोहिदासची धाव फार थोड्यांना आठवते.

पुढे 4 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात सतराव्या मिनिटाला याच रोहिदासला लाल कार्ड मिळाले. उरलेली त्रेचाळीस मिनिटे दहा जणांनी काढायची होती. त्या वेळी मनप्रीत सिंग मधल्या फळीतून बचावात उतरला. टोकियोत तो संघाचा कर्णधार होता, आणि पॅरिसमध्ये कुणाची तरी रिकामी जागा भरून काढणे हे त्याचे काम झाले. ते त्याने मन लावून केले. सामना 1-1 असा सुटला, शूटआउट भारताने 4-2 असा जिंकला आणि चार दिवसांनी स्पेनला 2-1 असे नमवून कांस्यपदक घेतले. कर्णधारपद भोगलेल्या माणसाने अशी जागा विनातक्रार घ्यावी, यापेक्षा मोठी संघनिष्ठा मला ठाऊक नाही.

ही निष्ठा मराठी मातीला नवी नाही. खो-खोत पाटीवर बसलेल्या आठ जणांना पाठीमागून खो मिळेपर्यंत उठता येत नाही. पळणारा समोरून हाताच्या अंतरावरून निघून गेला तरी बसून राहायचे, आणि खो मिळताच क्षणात सुटायचे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे.

मात्र भूमिका स्वीकारणे वेगळे आणि ती लादली जाणे वेगळे. धावायला कमी पडतो म्हणून एखाद्या मुलाला गोलात उभे करायचे आणि तिथेच विसरून जायचे, हे आपल्या मैदानांवर सर्रास घडते. ही शिस्त नव्हे, ही बेपर्वाई आहे. श्रीजेशलाही केरळच्या क्रीडा शाळेत प्रशिक्षकांनीच गोलरक्षक व्हायला सुचवले होते. पण त्याला त्या जागेसाठी घडवलेही गेले. आपली जागा कशासाठी आहे हे ज्याला कळले, तोच ती जीव ओतून सांभाळतो.

आपल्याकडच्या स्पर्धांत कबड्डीला उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड, खो-खोला उत्कृष्ट आक्रमक आणि उत्कृष्ट संरक्षक अशी बक्षिसे असतात. ती राहू द्यावीत. पण क्रीडाशिक्षकांनी आणि संयोजकांनी यंदा आणखी एक बक्षीस ठेवावे: ज्याच्या नावावर एकही गुण नाही, पण ज्याच्यावाचून संघ उभा राहिला नसता, त्या खेळाडूसाठी. तो कोण, हे त्याच्या सहकाऱ्यांनाच विचारावे.