काठ कुणाचा?

समुद्रकाठच्या घराचे एक चित्र मराठी मध्यमवर्गाच्या मनात फार वर्षांपासून ठाण मांडून आहे. माडांची सावली, ओटीवरून दिसणारी पाण्याची रेघ, दुपारी माशांचे जेवण आणि संध्याकाळी वाळूवरून केलेली रपेट. हे चित्र मुळात कोकणचे; आता मात्र ते घाट चढून वर आले आहे. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना समुद्र नाही, पण पाणी आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणे या दोन तालुक्यांत आहेत. त्यांच्या काठांवर आणि काठांकडे पाहणाऱ्या डोंगरउतारांवर भाड्याची घरे, तंबू आणि कृषी पर्यटन केंद्रे उभी राहिली आहेत. शासनाने २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला, २०२० साली कृषी पर्यटनाचे राज्यव्यापी धोरण आणले. पुण्या-मुंबईचे कुटुंब दोन दिवसांच्या विसाव्यासाठी जागा शोधू लागले की त्याच्यापुढे प्रथम येतात ते दोन शब्द : ‘लेक व्ह्यू’.

अशी जागा निवडावी कशी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. दर पाहावा, स्वच्छता पाहावी, जेवण कसे ते विचारावे आणि आगाऊ रक्कम भरून मोकळे व्हावे. आमचे म्हणणे एवढेच, की या दोन तालुक्यांत ही निवड इतकी निरागस राहत नाही. कारण ज्याला आपण तळे म्हणतो ते तळे नव्हे, आणि ज्याला काठ म्हणतो तो काठही नव्हे. त्या पाण्याकडे निव्वळ देखावा म्हणून पाहायचे ठरवले, तर आपण स्वतःचीही फसवणूक करून घेतो आणि यजमान प्रदेशाचीही.

आधी आपल्याच फसवणुकीविषयी. समुद्राच्या भरती-ओहोटीचे वेळापत्रक चंद्राच्या हाती असते. धरणाचे वेळापत्रक कालवा सल्लागार समितीच्या हाती असते. डिंभ्याचे, माणिकडोहाचे पाणी अडवले गेले ते खिडकीतून दिसावे म्हणून नव्हे. ते कालव्यांवाटे शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंतच्या शेतांसाठी आहे. उन्हाळी आवर्तन सुटले की जलाशय मागे सरकू लागतो. सप्टेंबरात ओट्याशी येऊन ठेपल्यासारखे वाटणारे पाणी मे महिन्यात भेगाळलेल्या गाळाच्या पलीकडे, पायपीट केल्यावर लागते. जाहिरातीतले छायाचित्र मात्र सदैव सप्टेंबरातलेच असते. पिंपळगाव जोगेसारख्या धरणात साठ्याचा मोठा हिस्सा मृतसाठा असल्याने तिथे पाणी त्या मानाने टिकते, पण टंचाईच्या वर्षी त्या मृतसाठ्यावरही खालच्या तालुक्यांचा डोळा असतो, आणि तो का असू नये? तेव्हा मे महिन्यात ‘लेक व्ह्यू’ मिळाला नाही म्हणून कुणी यजमानाशी हुज्जत घालत असेल, तर तो नकळत करमाळ्याच्या शेतकऱ्याशीच हुज्जत घालत असतो.

दुसरी फसवणूक अधिक खोल आहे. घोड नदीवरच्या डिंभे धरणात सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट पाणी मावते. त्या पाण्याखाली इतर गावांबरोबर एक आंबेगावही आहे. ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ गाव आज नकाशावर निळ्या रंगात आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो आणि नाव तेवढे बुडालेल्या गावाचे उरले आहे. पाणी फार खाली गेले की जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात. तिथली अनेक कुटुंबे महादेव कोळी आणि कातकरी. भातखाचरे पाण्याखाली गेल्यावर त्यांतली काही दूर गेली, तर काही पाण्याच्या वरच्या उतारांवर सरकून तिथेच राहिली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ या संस्थेने याच कुटुंबांबरोबर जलाशयातली मासेमारी आणि उतारावरची शेती यांची घडी बसवण्यासाठी वर्षानुवर्षे काम केले. त्या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. म्हणजे हा काठ ओसाड पडलेला आणि पर्यटकाने येऊन शोधून काढलेला नाही. त्याच्यावर आधीपासून उपजीविका आहेत. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीतले पीक ही त्यांतली एक, जलाशयातले जाळे ही दुसरी आणि माथ्यावरच्या झाडांचा हिरडा ही तिसरी.

आता या चित्रात निवासाची जागा ठेवून पाहा. कुंपण जर पाण्यापर्यंत नेले असेल तर मासेमाराची वाट कुठून जाते? गाळपेरीच्या पट्ट्यावर खुर्च्या मांडल्या असतील तर तिथे एरवी काय पिकत होते? या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासींकडे जाऊ शकत नाही. असे असता मोक्याच्या जागी घर बांधणारा कोण, जमीन कुणाची आणि आदिवासी कुटुंब तिथे मालक आहे की राखणदार, हे प्रश्न उपस्थित करण्याचा अधिकार भाडे मोजणाऱ्याला नक्कीच आहे. सगळेच व्यवहार काळे असतात असा आमचा मुळीच दावा नाही. आपण विचारत नाही, एवढेच आम्ही म्हणतो आहोत. चादरी पांढऱ्याशुभ्र आहेत का हे विचारतो, वायफाय आहे का हे विचारतो, पण ‘घर कुणाचे’ हा पाहुण्याने विचारायचा पहिला प्रश्न आपल्या यादीत नसतो.

देखाव्याची ओढ आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करायला लावते. पाणी जितके उंचावरून पाहावे तितके सुंदर दिसते, म्हणून घरे उतारावर चढतात. उतारावर घर बसवायचे तर जेसीबी लावून सपाटी करावी लागते. डिंभे जलाशयाच्या वरच्या अंगाला माळीण हे गाव होते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा कडा खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसे त्याखाली गेली. पुढे आमडे येथे नवे माळीण वसवले गेले, २०१७ साली लोक नव्या घरांत राहायला गेले. माळीणचे खापर आम्ही कुणा पर्यटकाच्या माथी मारत नाही; तसे करणे असत्य ठरेल. परंतु त्या घटनेनंतर या डोंगरांतला कोणताही ताजा कापलेला उतार निव्वळ ‘व्ह्यू पॉइंट’ म्हणून पाहणे आम्हांला जमत नाही. त्याच डोंगरांत पडकई नावाची पद्धत आहे : दगडाचे बांध घालून, माती अडवून, गावकीच्या श्रमांतून टप्प्याटप्प्याने खाचरे पाडायची. हा उताराशी केलेला सावकाश, मानवी मापाचा करार आहे. एका पावसाळ्याआधी घाईघाईने काढलेल्या सपाटीला तो करार ठाऊक नसतो. तेव्हा जुलै-ऑगस्टात, धबधब्यांच्या ऐन हंगामात खोली घेणाऱ्याने घराच्या मागे काय आहे हे घराच्या पुढे काय आहे याआधी पाहावे.

इथे कुणी म्हणेल, की पाहुणा हा शेवटी पाहुणाच. दोन दिवस येणार, पैसे देणार, जाणार. त्याच्याकडून इतकी अपेक्षा कशाला? या आक्षेपाचे उत्तर जुन्नरच्याच दगडांत कोरलेले आहे. नाणेघाट हा सातवाहनकाळी कोकणच्या बंदरांना, कल्याण-सोपाऱ्याला, घाटमाथ्याशी जोडणारा रस्ता. समुद्र या प्रदेशात कधी आला नाही, पण समुद्रावरून आलेली माणसे या वाटेने जुन्नरला येत राहिली. घाटाच्या तोंडाशी राणी नागनिकेच्या प्रसिद्ध ब्राह्मी लेखाचे लेणे आहे आणि वाटसरूंसाठी खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत स्वतःला ‘यवन’ म्हणवणाऱ्या तिघांचे दानलेख सापडतात. इरिल नावाच्या यवनाने दोन पाण्याच्या पोढी, म्हणजे टाकी, दिली. चिट नावाच्याने संघाला भोजनमंडप दिला. चंद नावाच्याने गर्भद्वार करवून घेतले. ही माणसे इथे किती काळ राहिली हे तो दगड सांगत नाही. त्यांनी मागे काय ठेवले तेवढे सांगतो. पाणी ठेवले, जेवायची जागा ठेवली आणि एक दार ठेवले. दोन हजार वर्षांपूर्वी परक्या मुलखातून आलेल्या पाहुण्याला या कोरड्या कातळात काय कमी आहे ते कळले होते. आज डिंभ्याच्या भोवतीच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण तिथे जिवंत असते. आपण मात्र त्याच वाडीशेजारच्या निवासात पोहण्याचा तलाव आहे की नाही, याची चौकशी फोनवर करतो.

आमचा रोख पर्यटनाविरुद्ध आहे असा समज कुणी करून घेऊ नये. उलट, या डोंगरांतल्या तरुणाला भोसरी-चाकणच्या कारखान्याऐवजी आपल्याच गावात चार पैसे मिळावेत यासाठी पाहुणा यायलाच हवा. जुन्नरच्या द्राक्षबागा, मासवडीचे ताट, लेण्याद्रीच्या पायऱ्या, शिवनेरीचा माथा आणि खोडदच्या माळावरच्या त्या महाकाय दुर्बिणीच्या थाळ्या, इतके वैविध्य एका तालुक्यात क्वचित सापडते. पण त्यांतले पुष्कळसे पाण्यापासून दूर आहे, आणि पाण्याकाठी खोली घेण्याच्या हट्टापायी नेमके तेच हातातून निसटते. अनेकदा पाण्यापासून दोन-तीन किलोमीटर आत, गावाच्या कुशीत, एखाद्या शेतकरी कुटुंबाने स्वतःच्या घराला जोडून काढलेली खोली अधिक चांगली असते. तिथे पाणी दिसत नाही, पण त्याच्याविषयी बोलणारी माणसे भेटतात. अशा घरांत राहिल्यावर आमच्या ध्यानात आले, की विसावा खिडकीतल्या देखाव्यापेक्षा घरातल्या माणसांच्या निवांतपणावर अधिक अवलंबून असतो. स्वतःच्या जमिनीवर उभा असलेला यजमान निवांत असतो. दुसऱ्याच्या गुंतवणुकीची राखण करणारा नसतो.

म्हणून निवड करताना पाच गोष्टी विचाराव्यात असे आम्ही सुचवतो. घर कुणाच्या मालकीचे आहे आणि जेवण रांधणारे हात कुठल्या गावचे आहेत? वापरायचे पाणी कुठून येते, विहिरीतून, योजनेतून की टँकरने, आणि सांडपाणी कुठे जाते? घरामागचा उतार कापलेला आहे का, आणि ऐन पावसाळ्यात निवास चालू असतो की बंद? पाण्याकडे जाणारी गावाची वाट खुली आहे का? आणि शेवटी, मे महिन्यात इथून काय दिसते? पाच प्रश्नांना पाच मिनिटे पुरतात. ज्या यजमानाला हे प्रश्न आवडतील त्याच्याकडे जावे. ज्याला ते खटकतील त्याचे दर कितीही आकर्षक असले तरी पुढचा फोन लावावा.

पाणी दिसलेच पाहिजे असा ज्यांचा हट्ट आहे त्यांनी एक करावे. मुक्काम गावात करावा आणि संध्याकाळी यजमानाबरोबर चालत काठाला जावे. तो दाखवील, की नदीचे मूळ पात्र कुठून जात होते, देऊळ कुठे होते, कुणाचे खाचर कुठवर होते. मासेमारी करणाऱ्याकडून मासे थेट विकत घ्यावेत आणि तो सांगेल तो भाव द्यावा. इरिलाइतके दान आपल्याच्याने व्हायचे नाही. पण ज्या वाडीत दोन रात्री काढल्या तिथल्या पाण्याच्या टाकीसाठी, विहिरीच्या गाळासाठी काही काम निघाले असेल तर भाड्याच्या रकमेत थोडी भर घालणे अवघड नाही. गावात राहिलात तर असे काम निघाले आहे की नाही, हे जेवायच्या पंगतीतच कळते.