क्लबचं नाव, रंग आणि गाव बदलण्याआधी आम्हाला विचारा : आदिलाबादच्या फुटबॉलप्रेमींना आवाहन

आदिलाबाद, बेला, जैनथ, तामसी, भीमपूर, इंद्रवेल्ली, उटनूर आणि राज्याच्या सीमेपलीकडे पाटणबोरी, पांढरकवडा, किनवट इथल्या फुटबॉलवर जीव असणाऱ्या मराठी बंधुभगिनींनो,

हैदराबाद एफसी आता हैदराबादचा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं नाव ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ झालं आणि इंडियन सुपर लीगमधली तेलंगणाची एकुलती एक जागा दिल्लीला गेली. आपल्या कानावर बातमी आली तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. रेशनचं दुकान दुसऱ्या गल्लीत न्यायचं म्हटलं तरी लोक जमतात, अर्ज देतात, तहसीलदाराला गाठतात. इथे राज्याचा क्लब उठून गेला आणि अर्ज कुणाकडे द्यायचा हेही कुणाला ठाऊक नव्हतं. कारण तसा अर्ज घेणारं कुणी नाहीच. चाहत्यांची संमती घेतल्याशिवाय क्लबचं नाव किंवा शहर बदलता येणार नाही, अशी सक्ती आपल्या देशात नाही.

ती सक्ती आणण्यासाठी हे आवाहन आहे. ते घाईचं आहे, कारण लीगचे नवे नियम आणि नवी आर्थिक घडी सध्या बसवली जात आहे. एकदा ती बसली की पुढची कित्येक वर्षं तिला कुणी हात लावणार नाही.

कुणी म्हणेल, हैदराबाद इथून तीनशे किलोमीटर, आपला काय संबंध? संबंध आहे. गच्चीबावलीच्या बालयोगी स्टेडियमवर रात्रीचा सामना पाहायला इथून सकाळी निघून दुसऱ्या दिवशी परतलेली पोरं आपल्या घरांत आहेत. गाडीभाडं, तिकीट, जर्सी, सगळं त्यांनी स्वतःच्या खिशातून केलं. ‘पैसा मालकाचा, मर्जी मालकाची’ असं म्हणणारे हा पैसा कधी मोजत नाहीत.

संबंध त्याहून जुनाही आहे. आपला जिल्हा आणि शेजारचा मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. १९५६ मध्ये भाषावार राज्यं झाली, किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. त्या जुन्या हैदराबाद राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शिक्षक हैदराबाद सिटी पोलीस संघ घडवत होते. त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत जाऊन रोव्हर्स कप जिंकला. पुढे रहीमसाहेबांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्ताच्या एशियाडमध्ये सुवर्णपदक घेऊन परतला. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईकर होता. हैदराबादचं फुटबॉल आपल्याला परकं नाही.

आता या क्लबचा प्रवास नीट पाहा, कारण सगळं दुखणं त्यात आहे.

२०१४ मध्ये सुपर लीग सुरू झाली तेव्हा पुण्यात एफसी पुणे सिटी उभा राहिला. वाधवान समूहाची मालकी, जोडीला हृतिक रोशनचं नाव, बालेवाडीचं मैदान. नारंगी जर्सी घालून येणारे लोक हळूहळू वाढत गेले. २०१७-१८ च्या हंगामात संघ उपांत्य फेरीत पोचला. त्यानंतर वर्षभरात मालकांची आर्थिक घडी विस्कटली आणि २०१९ मध्ये क्लब बंद झाला. लीगमधली त्याची जागा नव्या मालकांनी हैदराबादला आणली. हैदराबादला क्लब मिळाला म्हणजे पुण्याचा गेला, आणि पुणेकरांनाही तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. त्याच वर्षी दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. म्हणजे दिल्लीचा क्लब ओडिशाला, पुण्याचा हैदराबादला आणि सहा वर्षांनी हैदराबादचा दिल्लीला. लीगमधली जागा तेवढी कायम राहते, लोक मात्र प्रत्येक वेळी नव्याने जमवले जातात. एखाद्या खेळाला मुळं धरू द्यायची नसतील तर याहून खात्रीचा उपाय नाही.

आणि मुळं धरत होती. पहिल्या हंगामात हैदराबाद तळाला राहिला. मग मानोलो मार्केझ हे स्पॅनिश प्रशिक्षक आले, तरुण भारतीय खेळाडूंवर त्यांनी भरवसा टाकला आणि संघ बघता बघता बदलला. कोविडमुळे दोन हंगाम सगळे सामने गोव्यात झाले. त्या दोन हंगामांत आपल्या माणसांना घरच्या मैदानात पायही ठेवता आला नाही. तरीही लोक तुटले नाहीत. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सविरुद्ध अंतिम सामना झाला. आपण एका गोलने मागे होतो. सामना संपायला दोनच मिनिटं उरली असताना साहिल तावोरानं बरोबरी साधली. पेनल्टी शूटआऊटमध्ये लक्ष्मीकांत कट्टीमणीनं तीन फटके अडवले आणि ३-१ ने करंडक हैदराबादचा झाला. दोघेही गोव्याचे. गोव्याच्या दोन पोरांनी तेलंगणाला करंडक मिळवून दिला आणि आदिलाबादच्या मराठी घरांनी तो आपला मानला. खेळाडू कुठलाही असो, नाव आपल्या शहराचं होतं. तेच नाव काढून घेतल्यावर आपल्या हाती काय उरतं, ते सांगा.

पुढच्या हंगामात संघ दुसरा आला. त्यानंतर पैशाचं सोंग उघडं पडलं. २०२३-२४ मध्ये खेळाडूंचे पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, नवे घेण्यावर बंदी आली. थांगबोई सिंग्टो यांनी कोवळ्या मुलांना घेऊन कसाबसा हंगाम रेटला आणि अख्ख्या हंगामात एकच सामना जिंकता आला. विजेतेपदापासून तळापर्यंत यायला दोन वर्षं लागली.

२०२४ मध्ये बी. सी. जिंदाल समूहाने क्लब घेतला. त्यांनी तो घेतला नसता तर तो बंदच पडला असता, हे मान्य करायला हवं. मैदान रिकामं राहायचं, हेही खोटं नाही. भारतात फुटबॉल क्लब चालवणं हा तोट्याचा धंदा आहे आणि दरवर्षी कोट्यवधी रुपये ओतणाऱ्या माणसाला आपण शिव्या देत बसलो तर उद्या कुणी पुढे येणार नाही. म्हणून माझं म्हणणं मालकांविरुद्ध नाही. खेळाडू कोण घ्यायचा, प्रशिक्षक कोण, तिकीट किती, हे मालकांनी ठरवावं. पण नाव, रंग, बोधचिन्ह आणि शहर या चार गोष्टी विकत घेतलेल्या मालात धरू नयेत.

आपल्यातही तीन मतं ऐकू येतात. काही म्हणतात, गेला तो गेला, आता युरोपातला एखादा क्लब धरू. काही म्हणतात, खेळाडू आपलेच होते, दिल्लीच्या नावाने का होईना पाठ सोडायची नाही. काहींनी तर फुटबॉलच सोडलं. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मताशी मी सहमत नाही. दुसऱ्याचा राग येत नाही, पण त्या प्रेमाने नियम बदलणार नाही. नियम बदलतो तो संघटित मागणीने, आणि याची उदाहरणं आपल्याच देशात आहेत.

कोलकात्याकडे पाहा. १८८९ साली स्थापन झालेला मोहन बागान २०२० मध्ये एटीके या क्लबशी जोडला गेला आणि नाव झालं ‘एटीके मोहन बागान’. हिरवा-मरून रंग आणि बोधचिन्हातलं शिडाचं जहाज राहिलं, पण पुढे लागलेली ती तीन अक्षरं लोकांना सलत राहिली. ते गप्प बसले नाहीत. फलक, मोर्चे, घोषणा, तीन वर्षं एकच मागणी. १८ मार्च २०२३ रोजी संघाने लीग जिंकली आणि त्याच रात्री मालक संजीव गोयंका यांनी नावातून एटीके काढत असल्याचं जाहीर केलं. ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी तर गुंतवणूकदाराच्या करारात काय लिहिलंय यावरून जुलै २०२१ मध्ये क्लबच्या दारात आंदोलन केलं. त्यात दोन गट होते, आपसांत जुंपली, पोलिसांच्या लाठ्या पडल्या. ती वेळ कुणावर येऊ नये. पण करारातल्या अटींवर हजारो लोक वाद घालतात, यातच तो क्लब कुणाचा आहे हे दिसतं.

इंग्लिश फुटबॉलमध्येही मालकांनी हेच केलं होतं. २००२ मध्ये लंडनचा विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी काही आठवड्यांतच स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, अगदी खालच्या स्तरातून खेळत नऊ वर्षांत तो व्यावसायिक लीगमध्ये नेला आणि २०२० मध्ये प्लाऊ लेनला परत आणला. कार्डिफच्या मालकाने २०१२ मध्ये निळी जर्सी लाल केली, लोकांनी २०१५ मध्ये ती पुन्हा निळी करून घेतली. हल सिटीचं ‘हल टायगर्स’ करायचा मालकाचा अर्ज २०१४ मध्ये फुटबॉल संघटनेनेच फेटाळला. अशा लढ्यांतून शेवटी २०२५ चा फुटबॉल प्रशासन कायदा आला. आता तिथे बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे मुख्य रंग बदलायचे तर बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा दाखवावा लागतो, नावासाठी संघटनेची आणि मैदान हलवायला नियामकाची परवानगी लागते. जर्मनीत तर क्लबमधली बहुसंख्य मतं सभासदांकडेच राहावीत असा नियम आहे.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्यात खेळाडूंच्या समितीची तरतूद आहे आणि ती हवीच होती. चाहत्यांबद्दल त्यात एक ओळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली भारतीय फुटबॉल महासंघाची नवी घटना ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वीकारली गेली. डिसेंबरमध्ये महासंघाचा लीग चालवणाऱ्या कंपनीशी असलेला पंधरा वर्षांचा करार संपला. नव्या भागीदारासाठी निविदा काढली तर एकही बोली आली नाही. डिसेंबरमध्येच मँचेस्टर सिटीच्या मालकांनी मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं. जुनं सगळं मोडलं आहे, नवं अजून पक्कं व्हायचं आहे. पुढच्या करारांत, परवान्याच्या अटींत काय असावं यावर दिल्लीत बैठका होत आहेत. क्लबांचे प्रतिनिधी तिथे आहेत, सरकारही आहे. चाहत्यांच्या वतीने तिथे कुणी नाही.

म्हणून मागणी एकच असू द्या, आणि ती स्पष्ट असू द्या : कोणत्याही व्यावसायिक फुटबॉल क्लबचं नाव, बोधचिन्ह, मुख्य रंग किंवा शहर बदलायचं असेल तर किमान सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी, नोंदणीकृत चाहत्यांचं मतदान घ्यावं आणि बहुमत विरोधात असेल तर महासंघाने परवाना देऊ नये. मालकाला क्लब चालवणं अशक्य झालं तर आधी त्याच शहरात दुसरा मालक शोधण्याची संधी मिळावी.

हे मागताना आपली बाजू स्वच्छ हवी. हैदराबादला आता श्रीनिधी डेक्कन खेळतो, आपल्यातले अनेक जण त्याच्याकडे वळतील आणि वळावंही. पण तो क्लब मुळात विशाखापट्टणमसाठी होता, हे विसरू नका. तिकडच्या पोरांनाही आपल्या मागणीत घ्या. पुण्यातल्या जुन्या नारंगी मंडळींना घ्या, आपल्यापैकी प्रत्येकाचा एखादा भाऊ, मेहुणा, भाचा शिक्षणाला नाहीतर नोकरीला पुण्यात आहेच. त्याला आज फोन करा. एकाच लीगमधली एकच जागा गमावलेली ही दोन शहरं एका कागदावर सह्या करतील तर ती गोष्ट दिल्लीला टाळता येणार नाही.

ही मागणी पत्राने महासंघाकडे पाठवायची, आणि ती संस्थेच्या नावाने. एकट्याच्या पत्राला कचऱ्याची पेटी दाखवतात, संस्थेच्या पत्राला जावक क्रमांक टाकून उत्तर द्यावं लागतं. तेलंगणाच्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं मिळून संस्था नोंदवता येते. बेल्यात सात जण मिळणार नाहीत का? जैनथला? उटनूरला गोंडी, तेलुगू, लंबाडी, मराठी बोलणारी मुलं एकाच मैदानावर खेळतात, तिथली संस्था सगळ्यांची मिळून होऊ द्या. तेलुगू मित्रांना मागे ठेवून हे काम होणार नाही. गावातल्या ज्या मंडळांचे संघ आधीच आहेत त्यांनीही नोंदणी करावी आणि आपलं नाव व रंग सर्वसाधारण सभेच्या दोन तृतीयांश मतांशिवाय बदलणार नाहीत, असं स्वतःच्या घटनेत लिहून ठेवावं. उद्या एखादा पुढारी किंवा दुकानदार बूट-जर्सीचा खर्च देतो म्हणून नाव मागेल, तेव्हा ते कलम उपयोगी पडेल. त्याचं नाव छातीवर प्रायोजक म्हणून छापा, संघाचं नाव त्याला देऊ नका.

हैदराबाद एफसीची तिकिटं, जर्सी, मैदानातले फोटो ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते टाकू नयेत. तारीख लिहून त्यांच्या प्रती काढा आणि पत्राला जोडा. या जिल्ह्यातून लोक जात होते, याचा तेवढाच पुरावा आपल्याकडे आहे.

पत्र पुढच्या पंधरा दिवसांत गेलं पाहिजे. पत्ता : अध्यक्ष, अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, फुटबॉल हाऊस, सेक्टर १९, द्वारका, नवी दिल्ली. एक प्रत केंद्रीय क्रीडा मंत्रालयाला, एक राज्य फुटबॉल संघटनेला आणि एक आपल्या खासदारांना समक्ष नेऊन द्या. मराठीत लिहा, सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर लावा. सह्यांपुढे गाव आणि वय लिहा, शाळकरी मुलांच्याही सह्या घ्या. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा, आणि महिन्याभरात उत्तर आलं नाही तर त्याच पावतीचा क्रमांक टाकून दुसरं पत्र लिहा.