पुस्तक मोफत मिळतं, पण त्यातलं अक्षर दिसायला नको का?

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण घरात शाळेत जाणारं पोर असेल, किंवा चाळिशी ओलांडलेलं माणूस असेल, तर शेवटपर्यंत वाचा. म्हणजे बहुतेक सगळ्यांनीच वाचा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हिशोब करून बघा. हजार रुपयांच्या चष्म्यामागे वाचले सत्तर रुपये. सोलापुरात महिन्याला दहा-बारा हजारांवर चालणारं घर आहे, त्यात दोन शाळकरी मुलं, शिलाई करणारी आई, मशीनवर उभा राहणारा बाप आणि विडी वळणारी आजी. पाचांपैकी चौघांना चष्मा लागतो. त्यांना सत्तर-सत्तर रुपयांची सूट दिली म्हणून चष्मा परवडणार आहे का? प्रश्न कराचा थोडा आहे, बाकीच्याचा जास्त आहे. त्या बाकीच्याबद्दल लिहितोय.

आधी विम्याचं बघू, कारण 'पॉलिसी आहे ना' हा समज लई लोकांचा आहे. आपल्याकडच्या साध्या आरोग्य विम्यात चष्म्याचे पैसे मिळत नाहीत. कंपन्यांच्या 'न मिळणाऱ्या खर्चांच्या' यादीत चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स सरळ लिहिलेले असतात. लेसरने नंबर घालवायचा म्हटलं तरी ७.५ पेक्षा कमी नंबर असेल तर तो खर्च वगळलेला असतो, आणि तुमच्या-आमच्यापैकी बहुतेकांचा नंबर त्याच्या आतच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना मोठ्या उपचारांसाठी, दवाखान्यात दाखल होण्यासाठी आहे. चष्मा त्यात बसत नाही. काही महागड्या पॉलिसींत ओपीडीचा भाग असतो, त्यात थोडं बसतं. पण त्याचा हप्ताच दरवर्षीच्या चष्म्यापेक्षा जास्त होतो. तेव्हा सामान्य घरासाठी चष्म्याचा विमा म्हणजे आपला खिसाच, हे धरून चाला.

आता खिशातून करायचं तर किती लागतात? दुकानात गेलं की पहिलं बिल ऐकूनच माणूस मागे फिरतो. मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या घरातल्या चौघांचं मिळून एका दुकानाने चौदा हजार सांगितले. कागद मागून घेतला आणि बघितला. दोन्ही मुलांना 'ब्ल्यू कट', बापाला प्रोग्रेसिव्ह, आईला पातळ काच, आणि फ्रेमा 'एकावर एक फ्री' वाल्या. यातलं नक्की काय लागतं, ते एकेक करून सांगतो.

ब्ल्यू कट: मोबाईलमुळे डोळे थकतात म्हणून ही काच गळ्यात मारतात. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. साध्या काचेच्या तुलनेत या काचेने डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही त्यांना दिसलं नाही. पैसे वाचवा. त्यापेक्षा पोरांना रोज दोन तास उजेडात, मैदानात सोडा. त्याने लांबचं न दिसण्याचा नंबर लागण्याची शक्यता कमी होते, आणि मैदानाला बिल नसतं.

पातळ काच: नंबर चार-पाचच्या वर असेल तर तिचा फायदा आहे, काच जाड दिसत नाही. दीड-दोन नंबराला साधी प्लास्टिकची काच उत्तम. लहान मुलांना मात्र न फुटणारी पॉलिकार्बोनेट काच मिळाली तर तिच्यावर शे-दोनशे जास्त घाला. तिथे कंजुषी नको.

प्रोग्रेसिव्ह: लांबचं आणि जवळचं दोन्ही एकाच काचेत, मधली रेघ नाही. सोयीचं आहे, पण महाग आहे. परवडत नसेल तर रेघवाला बायफोकल तेच काम करतो. नुसतं जवळचंच दिसत नसेल तर साधी चाळिशी पुरते.

'फ्री' फ्रेम: ती फुकट नसते, पहिल्या बिलात तिचे पैसे धरलेले असतात. दुकानदाराला एकच विचारा, फ्रेम वेगळी किती आणि काच वेगळी किती?

असं विचारून, चार दुकानं फिरून, त्याच घराचे चौघांचे चष्मे पाच हजारांच्या आत बसले. साधी फ्रेम तीन-चारशेला मिळते, एकेरी नंबरची काच तीनशे ते पाचशेत होते. दुकानदार सगळे चोर आहेत असं मी म्हणत नाही. भाडं, कारागीर, लाईट बिल त्यांनाही आहेच. पण गिऱ्हाईकाला काय लागतं ते गिऱ्हाईकाला माहीत नसतं, आणि सगळा धंदा तिथेच फिरतो.

तपासणीचंही तसंच आहे. दुकानातली 'कॉम्प्युटर'ची फुकट तपासणी ही सुरुवात आहे, शेवट नाही. लहान मुलांचे डोळे मशीनसमोर ताणले जातात आणि नंबर चुकीचा, बहुतेकदा जास्तीचा निघू शकतो. मुलांचा पहिला नंबर थेंब टाकून, डॉक्टरांकडूनच काढा. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत आहे. साखर असेल तर ती आटोक्यात आल्यावरच नंबर काढा, नाहीतर महिन्याभरात नंबर बदलतो आणि पैसे पाण्यात. चाळिशीनंतर नुसता नंबर काढून थांबू नका, डोळ्याचा दाब आणि पडदाही बघून घ्या. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. आणि तपासणीचा कागद मागून घ्या. तो तुमचा आहे, तो घेऊन चष्मा कुठेही करता येतो.

घरात ६५ च्या वरचं कुणी असेल आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री वयोश्री योजना बघा. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर अशा वस्तूंसाठी एकरकमी ३००० रुपये खात्यात येतात. अर्जाची चौकशी समाज कल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात करा. विडी कामगारांच्या कल्याण योजनेतही चष्म्यासाठी मदत ठेवलेली आहे. रक्कम शेकड्यांतली आहे, पण हक्काची आहे. कार्ड असलेल्यांनी विचारा तरी.

इथवर झालं ते घरापुरतं. आता खरा मुद्दा.

शाळेत आपण पुस्तकं मोफत देतो, दुपारी खिचडी देतो, गणवेश देतो. या सगळ्याच्या शेवटी पोराला फळ्यावरचं दिसत नसेल तर उपयोग काय? असं पोर मागच्या बाकावर बसतं, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं, आणि गुरुजींच्या लेखी 'अभ्यासात कच्चं' ठरतं. त्याला स्वतःलाही कळत नाही की आपल्याला कमी दिसतं, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल तर प्रकरण आणखी गंभीर. मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. सात-आठ वर्षांच्या आत उपाय झाला तर ठीक, नंतर चष्मा लावूनही त्या डोळ्याने नीट दिसत नाही. म्हणजे उशीर केला तर पैसे असूनही उपयोग नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं अजिबात नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे, आणि शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद त्यात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, अंगणवाडीत दोनदा. मुलांची नजर तपासतं आणि चिठ्ठी देतं.

अडतं ते चिठ्ठीनंतर. चिठ्ठी घेऊन मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे आईची एका दिवसाची मजुरी गेली. तिथे गर्दी असेल, तर परत या. नंबर निघाला तर चष्मा 'आल्यावर कळवू'. तेवढ्यात परीक्षा येते, सुट्टी लागते, आणि चिठ्ठी दप्तरात चुरगळून जाते. पुढच्या वर्षी पथक येतं आणि त्याच पोराला पुन्हा चिठ्ठी देतं. कागदावर तपासणी दोनदा झालेली असते, आणि नाकावर चष्मा एकदाही आलेला नसतो.

मुलींचं तर विचारूच नका. 'पोरीला चष्मा लागला तर उद्या लग्नाला अडचण' म्हणून चिठ्ठी लपवणारी घरं अजून आहेत. नंबर घालायला दिला तर वाढतो, हा दुसरा गैरसमज. चष्मा घातल्याने नंबर वाढत नाही. न घातल्याने पोरगी मागे पडते, एवढं मात्र नक्की होतं.

काही जण म्हणतील, सरकारने आता चष्मेही फुकट वाटायचे का? त्यांना एक उदाहरण देतो. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीच्या वरच्या कामगारांना जवळचं दिसण्याचा साधा चष्मा दिला आणि पानं खुडण्याचं मोजमाप केलं. ज्यांना चष्मा मिळाला त्यांचं काम, न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी जास्त भरलं. २०१८ मध्ये लॅन्सेटच्या जागतिक आरोग्याच्या अंकात हा अभ्यास छापून आला. आता आपलं सोलापूर बघा. विडी वळणं, गणवेश शिवणं, यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणं. सगळी कामं हातभर अंतरावरची, आणि करणाऱ्या निम्म्या बायका चाळिशीच्या पुढच्या. सुईत दोरा ओवायला लेकीला हाक मारणारी बाई दिवसाला किती नग कमी शिवत असेल? दोन-तीनशेच्या चाळिशीने ती भरपाई आठवड्यात होते. याला दानधर्म म्हणायचं असेल तर म्हणा, मी याला हिशोब म्हणतो.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत, आणि तिन्ही इथेच, आपल्या हातातल्या आहेत.

पहिली, ग्रामपंचायतींसाठी. स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायचं बंधन ग्रामपंचायतीवर आहे. समजा तुमच्या गावचं स्वउत्पन्न सहा लाख आहे, तर त्याचे साठ हजार झाले. शाळेत दोनशे पोरं, त्यातल्या बारा जणांना चष्मा लागला, सातशेचा एक धरला, तर खर्च ८४०० रुपये. उरलेल्यातून चाळिशीच्या पुढच्या बायकांसाठी शिबिर घ्या. दरवर्षी तीच शिलाई मशीन आणि तेच हळदी-कुंकू घेण्यापेक्षा हे बरं. महापालिकेतही महिला व बालकल्याणाचा निधी असतो, नगरसेवकांनी तिथे विषय लावावा.

दुसरी, शाळांसाठी. चिठ्ठी मिळालेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांनी ठेवावी आणि तीस दिवसांत चष्मा आला की नाही ते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवावं. पैसा लागत नाही, एक वही लागते. फ्रेम पोरांना स्वतः निवडू द्या. सगळ्यांना एकच तपकिरी फ्रेम दिली की दुसऱ्या दिवशी चष्मा दप्तरात जातो, मग 'फुकटचं वापरत नाहीत' म्हणायला आपण मोकळे.

तिसरी, कारखानदारांसाठी. वर्षातून एक दिवस कामगारांची नजर तपासून घ्या आणि ज्यांना फक्त जवळचा नंबर आहे त्यांना चाळिशी घेऊन द्या. खर्च दिवाळीच्या मिठाईच्या डब्याइतका आहे, आणि फायदा तुमच्याच मालात दिसेल.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की लांबचं नीट न दिसणाऱ्या आणि चष्म्याने दिसू शकणाऱ्या लोकांपैकी जगात फक्त ३६ टक्क्यांना योग्य चष्मा मिळाला आहे. जगाचं आपल्याच्याने होणार नाही. पण आपल्या शाळेतल्या बारा पोरांचं होईल.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभेच्या या तारखा ठरलेल्या आहेत. पुढची जी येईल तिच्या आधी सात-आठ दिवस लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. विषय एका ओळीचा आहे: 'शाळेतील मुलांच्या चष्म्यांसाठी महिला व बालकल्याण निधीतून तरतूद करणेबाबत.' ठराव झाला तर गावाचं नाव खाली कमेंटमध्ये लिहा. नाही झाला तर काय कारण दिलं तेही लिहा, सगळ्यांना कळू दे.

आणि आज संध्याकाळी एवढं तरी करा. घरातल्या पोराला एक डोळा झाकून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा. मग दुसरा डोळा.