पडदा बिघडला, हिशेब नव्हे

दुकानाच्या गल्ल्याजवळ सात-आठ वर्षे इमानेइतबारे काम करणारा लॅपटॉप हा व्यापारी कुटुंबाचा जणू जुना मुनीमच असतो. बिले, खतावणी, मालाचा साठा, बँकेचे व्यवहार, सारे त्याच्याच स्वाधीन. असा लॅपटॉप रात्री अपडेट घेतो आणि सकाळी उघडताच पडद्यावर रेघा थरथरतात, अक्षरे अवाढव्य होतात, मध्येच पडदा काळा पडतो. त्यातच जीएसटीच्या ३-बी विवरणपत्राची २० तारीख तोंडावर आली असेल, तर घरात घबराट उडते आणि ‘आता नवीनच घ्या’ हा सल्ला चहूकडून मिळू लागतो. परंतु अपडेटनंतर लगेच उद्भवलेला दोष पुष्कळदा यंत्राचा नसतो. तो घरच्या घरी, विनाखर्च दूर होऊ शकतो.

याचे कारण समजून घेणे कठीण नाही. विंडोज ही संगणकाची मूळ प्रणाली आणि पडद्यावर चित्र उमटवणारी ग्राफिक्स चिप, या दोघांमध्ये ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली दुभाष्याचे काम करते. अपडेटच्या ओघात हा दुभाषा कधी कधी बदलला जातो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने त्या विशिष्ट मॉडेलसाठी जुळवून दिलेल्या ड्रायव्हरऐवजी सर्वसाधारण ड्रायव्हर येऊन बसतो. नव्या यंत्रांवर तो सुरळीत चालतो; जुन्या चिपची बोली मात्र त्याला नीट उमगत नाही.

उपायाआधी एक काम अनिवार्य आहे. पडदा जेमतेम दिसत असला, तरी सर्वप्रथम हिशेबाच्या आज्ञावलीतून बॅकअप घेऊन तो पेनड्राइव्हवर उतरवावा आणि पेनड्राइव्ह लॅपटॉपपासून अलग ठेवावा. यंत्र पुन्हा विकत मिळते. वर्षभराच्या नोंदी बाजारात मिळत नाहीत.

त्यानंतर दोष कोठे आहे, हे ओळखावे. त्यासाठी तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, लॅपटॉप सुरू होताना कंपनीचे बोधचिन्ह दिसते, त्या क्षणीही रेघा असतील तर दोष बहुधा यंत्रातच आहे. कारण तेव्हा विंडोज आणि त्याचा ड्रायव्हर कामाला लागलेलेच नसतात. दुसरी, एचडीएमआय केबलने घरातील टीव्ही जोडून पाहावा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आणि लॅपटॉपवर मात्र विकृत असेल, तर पडदा किंवा त्याची आतील पट्टी संशयित ठरते. तिसरी, झाकण हळूच मागेपुढे करावे. त्यासरशी रेघा बदलल्या, तर बिजागरीजवळची पट्टी ढिली किंवा झिजलेली असण्याचा संभव अधिक. हे काम कारागिराचे. तरीही ते नव्या लॅपटॉपपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते.

तिन्ही कसोट्यांत यंत्र निर्दोष ठरले, तर ड्रायव्हरकडे वळावे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्यास ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर मिटून पुन्हा उजळतो. एवढ्याने भागले नाही, तर स्टार्टच्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे. तेथे ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’मधील नावावर दोनदा क्लिक करून ‘ड्रायव्हर’ या भागातील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ निवडावे. जुना ड्रायव्हर परत येतो. हे बटण अंधुक दिसत असेल, तर मागील प्रत शिल्लक नाही असे समजावे. अशा वेळी लॅपटॉपच्या पाठीवरील मॉडेल क्रमांक पाहून त्याच कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून घ्यावा. यादीत ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे नाव दिसले, तर योग्य ड्रायव्हर बसलेलाच नाही, हे उघड आहे.

पडद्यावर काहीच वाचता येत नसेल, तर शिफ्ट कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करावे. पुढे ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या मार्गाने जाऊन पुन्हा रीस्टार्ट करावे आणि ४ ही कळ दाबावी. लॅपटॉप ‘सेफ मोड’मध्ये, केवळ प्राथमिक ड्रायव्हरवर सुरू होतो. काही यंत्रे येथे ४८ अंकी बिटलॉकर कळ मागतात. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली आहे का, हे आधीच पाहून लिहून ठेवावे. बिघाड फक्त इंटरनेट पाहण्याच्या ब्राउझरपुरता असेल, तर त्याच्या सेटिंगमधील ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ बंद करणे बहुधा पुरते.

या धांदलीत एक धोका दबा धरून असतो. इंटरनेटवर शोधलेल्या मदतक्रमांकावर फोन करून अनोळखी माणसाच्या हाती लॅपटॉपचा दूरस्थ ताबा देणे, म्हणजे तिजोरीची किल्ली रस्त्यावर ठेवणे होय. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार चालतात, ते परिचित कारागिराच्याच हाती द्यावे.

एकदा पोळल्यावर अपडेट कायमची बंद करण्याचा मोह होतो, तोही टाळावा. सुरक्षेतील छिद्रे बुजवण्याचे काम अपडेटच करतात. काही आठवडे ती लांबणीवर टाकण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. तिचा उपयोग करून विवरणपत्राची तारीख उलटल्यावर, बॅकअप घेऊन, निवांत दिवशी अपडेट करावे.

जुन्या यंत्राच्या सेवेलाही मर्यादा आहे. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा लॅपटॉपचा पडदा दुरुस्त झाला, तरी बँकेचे आणि कराचे काम क्रमाक्रमाने सुरक्षित यंत्रावर न्यावे. जुन्याकडे मुलांचे टंकलेखन, जुन्या वर्षांचे हिशेब पाहणे अशी हलकी कामे सोपवावीत. मात्र नव्याची खरेदी सावकाश, दोन ठिकाणी भाव विचारून व्हावी. थरथरणाऱ्या पडद्यासमोर घाबरून केलेली खरेदी बहुधा महागच पडते.