ओरिजिनलचं सोवळं

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मोटारी बाळगणाऱ्यांत एक वर्ग असा आहे की त्याला गाडी चालली काय नि न चालली काय, काही फरक पडत नाही. त्याचा प्रश्न एकच असतो, 'ओरिजिनल आहे का?' बोनेट उघडायचं, वाकून बघायचं, एखाद्या नळीवर बोट ठेवायचं आणि नाक मुरडायचं. या लोकांनी जुन्या गाड्यांचं जेवढं वाटोळं केलं आहे, तेवढं गंजानेही केलेलं नाही. गोड बोलून समजावण्याची वेळ निघून गेली, म्हणून सरळ लिहितो.

माझ्याकडे १९३६ ची फोर्ड व्ही-८ कूपे आहे. दोन दारं, आत एकच बाक, मागे डिकीतली उघडी सीट. २२१ घन इंचांचं, म्हणजे ३.६ लिटरचं, ८५ अश्वशक्तीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन. ही गाडी मी चालवतो. पन्हाळ्याला नेतो, गगनबावड्याला नेतो, पाऊस उघडला की आंबा घाटाने खाली उतरतो. ती चालते, कारण मी तिच्यात बदल केले आहेत. हायड्रॉलिक ब्रेक बसवले, सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची केली, डायनामोच्या जागी अल्टरनेटर आणला, रेडिएटरचा गाभा नवा भरून घेतला, सीटबेल्ट लावले. यातली एकही गोष्ट मी लपवत नाही आणि एकीचीही मला लाज वाटत नाही.

एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात परीक्षकाने गाडीखाली डोकावून ब्रेकच्या नळ्या पाहिल्या आणि तिथेच गुण कापले. गुण गेल्याचं दुःख नाही. बक्षीस मिळालेल्या गाडीचं दुःख आहे. ती ट्रेलरवरून आली, ट्रेलरवरून उतरली, परीक्षकांपुढून एक फेरी मारता मारता तिचं पाणी उकळायला लागलं, म्हणून इंजिन बंद करून पोरांनी ती ढकलत जागेवर लावली. तिचे ब्रेक मात्र अस्सल होते. जी गाडी स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर जाऊ शकत नाही तिचे ब्रेक अस्सल असले काय नि नसले काय?

आता या अस्सल ब्रेकबद्दलच बोलू. १९३६ च्या फोर्डला पेडलपासून चारही चाकांपर्यंत लोखंडी रॉड आहेत. मध्ये एक आडवा शाफ्ट, टोकांना क्लेव्हिस आणि पिना. पायापासून चाकापर्यंत पोलादच पोलाद, म्हणून सुरक्षित, अशी जाहिरात कंपनी तेव्हा करत होती. प्लिमथने १९२८ पासून हायड्रॉलिक ब्रेक दिले होते, शेव्हरोलेने १९३६ मध्ये दिले. हेन्री फोर्ड मात्र हटून बसला आणि १९३९ च्या मॉडेलपर्यंत त्याने आपल्या गाडीला तेलाचे ब्रेक लागू दिले नाहीत. एका म्हाताऱ्या कारखानदाराचा तो हट्ट होता. तो हट्ट आज आपण वारसा म्हणून पुजायचा?

माझ्या गाडीच्या पिना काढल्या तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी एकेक पीन चिमटीत धरून मला दाखवली. गोल राहिलेली एकही नव्हती. एका बाजूने इतकी झिजलेली की नख अडकत होतं. आडव्या शाफ्टच्या बुशांत एवढा ढिलेपणा होता की पेडल अर्धं खाली गेलं तरी चाकाला पत्ता नव्हता. पिना नव्या करून, बुश बदलून, चारही रॉड जुळवले. आठवड्याभरात गाडी ब्रेक मारला की पुन्हा डावीकडे ओढायला लागली. रॉडच्या ब्रेकचा स्वभावच तो आहे. चारही चाकांना सारखा दाब मिळणं हे जुळवणुकीवर अवलंबून, आणि जुळवणूक रस्त्याच्या पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकते. मेस्त्री म्हणाले, "मालक, रॉड तुम्ही सोन्याचं करा, करूळ घाटात वळणावर समोरनं एस्टी आली तर ही गाडी थांबायची न्हाई. मी हात जोडतो, घरच्यास्नी बसवू नका हिच्यात."

त्या दिवशी निर्णय झाला. बॅकप्लेट आणि ड्रम १९३९ नंतरच्या फोर्डचे घेतले, म्हणजे त्याच घराण्यातले. मास्टर सिलिंडर आजच्या गाडीचा, टँडम जातीचा घातला. एक लाइन फुटली तरी दुसऱ्या लाइनवरची दोन चाकं धरतात. तो बसवायला जो ब्रॅकेट लागला, त्याचा आधी पुठ्ठ्याचा नमुना केला, मग पत्र्याचा, मग जाड प्लेटचा. चॅसीला एकही नवीन भोक पाडलं नाही. असलेल्या भोकांतच बोल्ट गेले. जुने रॉड, पिना, शाफ्ट सगळं ग्रीस लावून, चिठ्ठ्या बांधून पेटीत ठेवलं आहे. उद्या कुणाला हवं असेल तर दोन दिवसांत गाडी होती तशी करून देता येईल. याला मोडतोड म्हणणाऱ्याला मोडतोड म्हणजे काय तेच कळत नाही.

उष्णतेचं प्रकरण वेगळं. या इंजिनात जळालेला वायू सिलिंडरच्या ब्लॉकमधूनच वाट काढत बाहेर पडतो. त्याची सगळी धग आतल्या पाण्याला लागते, म्हणून या गाडीला वीस लिटरच्या आसपास पाणी लागतं आणि तरी ती चढावर तापते. १९३६ पर्यंत पाण्याचे दोन पंप सिलिंडर हेडवर होते आणि वरचं गरम पाणी ओढत. १९३७ मध्ये कंपनीनेच ते खाली ब्लॉकवर आणले. म्हणजे कारखान्यात बसलेल्या माणसांना चूक दिसली आणि त्यांनी ती दुरुस्त केली. कारखान्याने केलेली ती सुधारणा, आणि कोल्हापूरच्या मेस्त्रीने केला तो भ्रष्टाकार? हा न्याय मला मान्य नाही.

आणि दिवे! नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आमच्या जिल्ह्यात गळीत हंगाम असतो. अंधार पडल्यावर राधानगरीच्या किंवा कागलच्या रस्त्याला लागा. पुढे उसाने खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेला असतो. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. सहा व्होल्टच्या पिवळ्या उजेडात ती ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. मी जुन्या काचेच्या आत बारा व्होल्टचा बल्ब घातला, मागे जुन्याच लाल काचेआड एलईडी बसवली, वळायचे दिवे लावले. १९३६ मध्ये हात बाहेर काढून वळत होते, हे मला ठाऊक आहे. तेव्हा मागून मोबाइल बघत येणारा मोटारसायकलवाला नव्हता, हेही ठाऊक आहे.

पेट्रोलही तेव्हाचं राहिलेलं नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते इथेनॉल आमच्याच साखर कारखान्यांत होतं, शेतकऱ्याच्या उसाला त्यातून पैसा मिळतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या काळच्या अनेक गाड्यांच्या कार्बोरेटरमध्ये बुचाचे फ्लोट असत आणि त्यांना लाखेचा लेप असे. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हे फर्निचरला पॉलिश करणारा कुठलाही कारागीर सांगेल. पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपातला जुना डायफ्राम फुगतो, रबरी नळ्यांना भेगा पडतात, गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत ओल धरते. ज्याने 'अस्सल' रबर जपलं, त्याच्या गाडीखाली पेट्रोल ठिबकतं आणि वर तापलेलं इंजिन असतं. एक दिवस ती गाडी पेटेल. मग मागे जी राख राहील, तीही ओरिजिनलच असेल.

मुळात भारतात ओरिजिनल उरलं आहे काय? जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली, मागोमाग फोर्डही आली. पन्नाशीच्या दशकात दोघींनी गाशा गुंडाळला, आयातीवर बंधनं आली आणि सुटे भाग मिळेनासे झाले. त्यानंतर या गाड्या जगल्या त्या कुणाच्या जिवावर? व्हाइट मेटल वितळवून बेअरिंग ओतणाऱ्याच्या, लाकडाचा पॅटर्न कोरून कास्टिंग काढणाऱ्याच्या, लेथवर किंगपिन कातणाऱ्याच्या. कोल्हापूर याच कामावर उभं आहे. याच गावात बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये त्यावर काढलेला 'सैरंध्री' लोकांनी पाहिला. विहिरीवरच्या ऑइल इंजिनांपासून परदेशी जाणाऱ्या कास्टिंगपर्यंत उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या हातांनी काय काय केलं नाही? माझ्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी बसवलेला एक बुश निघाला. हाताने ओढलेले तेलाचे चर होते त्याच्यावर, दोन्ही बाजूंनी नीट भेटणारे. तो मी पुन्हा तिथेच बसवला. परीक्षकाच्या तक्त्यात त्या बुशाला शून्य गुण आहेत. त्या कारागिराचं काम वगळून या गाडीचा इतिहास सांगणं ही चोरी आहे.

याचा अर्थ वाटेल ते करावं, असा कुणी काढू नये. वाड्याच्या शेडमधली गाडी उचलायची, चॅसी गॅस कटरने कापायची, जपानी इंजिन कोंबायचं, छत खाली घ्यायचं, काळाकुट्ट मॅट रंग मारायचा आणि लग्नाच्या वरातीला भाड्याने लावायची, हे करणारेही आमच्या आसपास आहेत. ते खाटीक आहेत. कापलेली चॅसी परत जुळत नाही. माझा मुद्दा सोपा आहे: जे बोल्ट सोडून मागे घेता येतं ते करावं, जे कापून करावं लागतं ते करू नये, आणि काढलेला भाग गाडीबरोबर जपावा.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा', तिने २०१२ मध्ये ट्यूरिनला जी सनद केली, त्यात हेच आहे. सुरक्षेसाठी बदल करावा लागला तर तो डोळ्यांत न खुपणारा असावा, मागे घेता येणारा असावा, मूळ भाग जपून ठेवावेत, आणि गाडी वापरात राहावी. ज्या परदेशी सोवळ्याचा दाखला आमचे परीक्षक देतात, ते सोवळं परदेशातल्या या सनदेतच नाही.

आपल्या सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले, ही चांगली गोष्ट झाली. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेली गाडी विंटेज नाही, असं सांगताना कापाकापी आणि सुधारणा यांत नियमाने फरकच केला नाही. इंजिनात नवा पंप घातला तर तो बदल की दुरुस्ती? याचं उत्तर खिडकीपलीकडच्या माणसाच्या मर्जीवर सोडलं आहे. शिवाय अशी नोंदणी झालेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. गाडी उभीच राहिली की इंजिनात तेल फिरत नाही, सील सुकतात, व्हॉल्व्ह चिकटतात, ब्रेकचे सिलिंडर गंजतात. हे परिवहन खात्यात कुणालाच माहीत नसेल, असं मी मानत नाही. मागे घेता येणारे सुरक्षेचे बदल नियमात नावानिशी मान्य करा आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळेपणी चालवू द्या. दंड करायचा असेल तर कटर चालवणाऱ्याला करा.

कोल्हापूरकरांना हे पटवायला खरं तर लेख लागू नये. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा लोक तासन्‌तास आधी जागा धरून उभे असतात. ती गाडी स्वतःच्या इंजिनावर येते, गर्दीतून सावकाश वाट काढते, थांबवायची तिथे थांबते. कुणीतरी वर्षभर तिच्या पोटात हात घालतो म्हणून हे घडतं. पोरं खांद्यावर बसून बघतात ती चालणारी गाडी. काचेमागची असती तर दसऱ्याला तिच्यासाठी कोण आलं असतं?

माझे गुण कापणाऱ्या परीक्षकांना आणि त्यांच्या मताच्या सगळ्यांना उघड निमंत्रण आहे. गगनबावड्याला या. अस्सल रॉडच्या ब्रेकची गाडी तुम्ही आणा, चालवा तुम्हीच, आणि बरोबर आपल्या घरची माणसं बसवा. मी माझी घेऊन मागे येतो, माझ्या घरच्यांसकट. करूळ घाट उतरू आणि गुणांचा तक्ता खाली वैभववाडीत भरू.