ती कोणाकडे बघतेय?

मुलुंडच्या आमच्या हॉस्टेलात बेसिनपाशी एकच आरसा. दाढी करताना मागच्या रूममेटचं तोंड मला त्यात दिसतं, तेव्हा त्यालाही माझंच दिसत असतं, स्वतःचं नव्हे. परावर्तनाचा नियम, दहावीपासून घोकलेला!

व्हेलास्केसच्या सतराव्या शतकातल्या चित्रात व्हीनसचा चेहरा आपल्याला आरशात दिसतो. लोक म्हणतात, ती स्वतःला न्याहाळतेय. छे! ती आपल्याला बघतेय.

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातली राजकन्याही हातात आरसा धरून आहे, पण त्यातलं प्रतिबिंब आपल्याला दिसत नाही. ट्रिपमध्ये आमची गँग म्हणाली, "चित्र अपुरं राहिलंय." मला नाही पटत. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराने तिचा चेहरा तिच्यापुरताच ठेवलाय. मला तिथे आणखी पाच मिनिटं हवी होती; बस सुटत होती.