कचऱ्यातली कला आणि कचऱ्यातली माणसे

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये पर्यावरण हा आता प्रतिष्ठेचा विषय आहे. प्लास्टिकच्या बाटल्यांचे मासे, टायरचे पक्षी, रद्दीची झाडे मांडून प्रदर्शने भरतात. दुर्गापूजेच्या मंडपांतही टाकाऊ वस्तूंच्या ‘थीम’ असतात. लोक कौतुक करतात आणि त्या कौतुकाबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न कलाकृतीखालच्या चिठ्ठीबद्दल आहे. चिठ्ठीवर कलाकाराचे नाव असते, माध्यम म्हणून ‘टाकाऊ प्लास्टिक’ असे लिहिलेले असते. ते प्लास्टिक उकिरड्यावरून कुणी उचलले, निवडले, धुतले, हे सहसा कुठेच नसते.

हा प्रश्न सॉल्ट लेकमध्येच विचारायला हवा. ही वसाहत मुळात पाणथळ जागेवर उभी आहे. १९६० च्या दशकात एका युगोस्लाव्ह कंपनीने हुगळी नदीतला गाळ नळांतून आणून इथली खारी दलदल बुजवली आणि मध्यमवर्गासाठी आखीव नगर उभे राहिले. त्या पाण्यावर पोट भरणाऱ्या मासेमारांची जागा नकाशावरून पुसली गेली. उरलेल्या पाणथळीपैकी सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्राला २००२ साली रामसर दर्जा मिळाला. तिथे शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत सोडतात, ऊन आणि शेवाळ ते शुद्ध करतात, त्यावर मासे वाढतात. शेजारच्या धापा इथे शहराच्या कचऱ्यावर भाजीपाला पिकतो. अभियंता ध्रुबज्योती घोष यांनी या व्यवस्थेचे महत्त्व जगाला पटवून दिले, आणि हे ज्ञान तिथल्या कष्टकऱ्यांचे आहे असे ते आयुष्यभर सांगत राहिले. या कष्टकऱ्यांत पौंड्र, बागदी, नमःशूद्र अशा अनुसूचित जातींची माणसे मोठ्या संख्येने आहेत. पुनर्वापराचे सर्वांत मोठे काम सॉल्ट लेकच्या कुशीतच चालू आहे, पण त्याला कुणी कला म्हणत नाही.

पुनर्वापर ही नवी, निरागस गोष्ट आहे असे आपल्याला सांगितले जाते. मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडून पाहा. चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत, असा हुकूमच तिथे आहे. म्हणजे टाकाऊ वस्तू वापरणे ही आपल्या पूर्वजांवर लादलेली शिक्षा होती. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला उष्टे आणि मेलेल्या जनावरांचे मांस सोडायला सांगितले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृतीचे दहन झाले. उरलेसुरले नाकारणे हा आपल्या चळवळीचा आरंभ आहे. ज्यांनी ते कधी नाकारले नाही, कारण ते कधी त्यांच्या वाट्याला आलेच नाही, त्यांच्या हातात तीच वस्तू आली की सौंदर्य होते. आपल्या हातात असेपर्यंत ती विटाळ असते. वस्तू बदलत नाही, हात बदलतो.

यातली विषमता जिवावर बेतणारी आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यासह सहा महानगरांत हाताने मैला आणि गटार साफ करणे बंद करण्याचा आदेश दिला. चारच दिवसांनी, २ फेब्रुवारीला, याच पाणथळीच्या पूर्वेला बानतला इथल्या चर्मोद्योग वसाहतीत मॅनहोलमध्ये तीन मजूर मेले. २०१३ चा कायदा आहे, न्यायालयाचे निकाल आहेत, भरपाईची रक्कमही ठरलेली आहे. तरीही शहराची घाण उपसायला माणूस स्वस्त पडतो.

मग करायचे काय? प्रदर्शने बंद करा, असे मी म्हणणार नाही. वेगळी वाट आपल्याकडे आहे. पुण्यात १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकारातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बहुसंख्य दलित असलेल्या कचरावेचक बायांना ओळखपत्र मिळाले, पुढे २००८ साली त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. मुंबईत सुधीर राजभर यांच्या ‘चमार स्टुडिओ’ने धारावीतल्या चर्मकारांसोबत टाकाऊ रबरापासून पिशव्या आणि खुर्च्या घडवल्या, आणि जी जात शिवी म्हणून वापरली जाते तिचेच नाव मालावर ठळक छापले. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि पाठीला झाडू बांधलेला माणूस कॅनव्हासवर आणला. या तिन्ही ठिकाणी कष्ट करणारा माणूस झाकला गेला नाही.

आयोजकांकडे माझ्या मागण्या साध्या आहेत. चिठ्ठीवर माल गोळा करणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहा आणि किलोमागे त्याला किती रुपये दिले तेही लिहा. कलाकृती विकली गेली तर त्यातला वाटा त्याला द्या. उद्घाटनाला त्याला मंचावर खुर्ची द्या, सफाईला बोलावू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले होते, त्याचे काय झाले हे पालिकेला जाहीरपणे विचारा. आणि त्यांची मुले त्याच उकिरड्यावर परत जाणार नाहीत याची जबाबदारी घ्या.

१९४६ साली जोगेंद्रनाथ मंडल आणि नमःशूद्र समाजाच्या बळावर याच बंगालमधून बाबासाहेब संविधान सभेत गेले. त्या बंगालमध्ये कचऱ्याला प्रतिष्ठा मिळत असेल तर आनंदच आहे. ती कचरा उचलणाऱ्याला मिळेपर्यंत मात्र आपले समाधान होता कामा नये.